सांभाळायला दिलेल्या घोड्याचे कागद कोणाकडे असावेत?

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीत घोडा एकाच्या मालकीचा आणि दुसऱ्याच्या दावणीला, हे चित्र नवीन नाही. पावसाळ्यात वाळूवरच्या घोडागाड्या थंडावतात, तेव्हा ज्याच्याकडे कोरडी जागा आणि चारा आहे त्याच्याकडे घोडा ठेवायला दिला जातो. मालकाची घाटावर बदली होते, हौसेने घेतलेल्या घोडीवर बसणारी मुलगी शिक्षणासाठी परगावी जाते, शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा एखाद्या वाडीत निवांत राहावा असे कोणाला वाटते. अशा वेळी घोडा विकला जात नाही, तो विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवला जातो. व्यवहार शब्दावर होतो. टेम्पो येतो, घोडा चढतो, खोगीर आणि तोबरा (दाणा चारायची पिशवी) मागून ठेवला जातो, आणि कागदांचा विषय कोणी काढत नाही.

मी या व्यवहारातून दोन्ही बाजूंनी गेलो आहे. प्रथम नागावच्या माझ्या वाडीत मी एक कुम्मेद (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी सांभाळायला घेतली, तेव्हा तिचा पासपोर्ट, म्हणजे तिचे वर्णन आणि लसींच्या नोंदी असलेली अधिकृत ओळख-वही, मालकांनी पुण्यात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला होता. आषाढातल्या एका रात्री तिच्या मागच्या उजव्या खुरात खिळा गेला. पशुवैद्यक पावसात भिजत आले, बॅटरीच्या उजेडात त्यांनी खूर पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली?" मला उत्तर देता आले नाही आणि मालकांचा फोन लागत नव्हता. शेवटी लस झालेलीच नाही असे धरून त्यांना उपचार करावे लागले. घोडी वाचली. दोन दिवसांनी मालकांनी लॉकर उघडला, तेव्हा पासपोर्टात पाच महिन्यांपूर्वीची लसीची नोंद डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह होती. ज्या माहितीची गरज चिखलात तीन पायांवर उभ्या असलेल्या जनावराला होती, ती घाटमाथ्यावर कुलपात पडून होती.

पुढे माझा स्वतःचा घोडा दुसऱ्याकडे देण्याची वेळ आली आणि कागद हातातून सोडताना मालकाच्या पोटात कसा गोळा येतो, तेही मी अनुभवले. या दोन्ही अनुभवांतून माझे मत पक्के झाले आहे: ओळखीचा मूळ कागद घोड्याबरोबर, म्हणजे रोजच्या रोज त्याला चंदी (दाणा) घालणाऱ्याच्या ताब्यात असावा, मालकीचा पुरावा मालकाकडेच राहावा, आणि या दोहोंना जोडणारा लेखी करार दोघांकडे असावा. हे प्रत्यक्षात कसे आणायचे, ते पुढे क्रमाने लिहिले आहे.

१. ओळख आणि मालकी वेगळी आहे, हे आधी समजून घ्या

सगळा गोंधळ इथे सुरू होतो. घोड्याचा पासपोर्ट किंवा ओळख-वही "हा घोडा कोणता" या प्रश्नाचे उत्तर देते. रंग, कपाळावरचा टिळा, पायांचा पांढरेपणा, अंगावरचे भोवरे, मायक्रोचिपचा क्रमांक, लसी आणि तपासण्या हा तिचा विषय आहे. "हा घोडा कोणाचा" या प्रश्नाचे उत्तर खरेदीखत, बाजारातली पावती, बँकेतून दिलेल्या रकमेची नोंद आणि नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या दप्तरातले नाव यांतून मिळते. पासपोर्टावर मालकाचे नाव छापलेले असले, तरी तो हातात असणारी व्यक्ती मालक ठरत नाही. तो हातात नसल्यामुळे मालकाची मालकी जातही नाही.

इंग्लंडमध्ये या बाबतीत कायदाच स्पष्ट आहे. तिथे प्रत्येक घोड्याला पासपोर्ट लागतो, १ ऑक्टोबर २०२० पासून मायक्रोचिपही सक्तीची झाली आहे, आणि घोडा दुसऱ्याकडे सांभाळायला दिला तर पासपोर्ट त्याच्याबरोबर सांभाळणाऱ्याकडे जातो. आपल्याकडे प्रत्येक घोड्याला पासपोर्ट असलाच पाहिजे अशी सक्ती नाही, त्यामुळे हा नियम दोन माणसांनी आपापसांत ठरवून घ्यावा लागतो. मात्र त्यामागचे कारण नागावच्या वाडीतही तेच आहे: अडचण येते ती घोडा जिथे असतो तिथे.

२. तुमच्या घोड्याचे नेमके कोणते कागद आहेत ते पाहा

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची नोंद पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे होते आणि अशा घोड्याला पासपोर्ट असतो. स्पर्धांत उतरणाऱ्या घोड्यांना इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाचा पासपोर्ट लागतो. मारवाडी, काठियावाडी अशा देशी जातींच्या काही घोड्यांचीही नोंदणी झालेली असते. परंतु आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक घोडे यांपैकी कशातच बसत नाहीत. ते सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारातून आलेले असतात आणि त्यांच्याबरोबर असते ती घडी पडून फाटत चाललेली एक पावती आणि फार तर पशुवैद्यकाचा आरोग्याचा दाखला.

अशा घोड्यासाठी तुम्ही स्वतः ओळख-वही तयार करा. दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही पुरते, मात्र वर्णनाच्या पानावर पशुवैद्यकाची सही, शिक्का आणि तारीख घ्या. वर्णन नाकापासून शेपटीपर्यंत क्रमाने लिहावे: रंग, लिंग, दातांवरून अंदाजे वय, इंचांत उंची, कपाळावर टिळा आहे की पट्टा आणि तो नाकपुडीपर्यंत येतो का, कोणता पाय कुठपर्यंत पांढरा आहे, जुन्या जखमांचे व्रण, डाग दिलेला असल्यास त्याची जागा. आपल्या जुन्या जाणकारांना भोवरे पाहण्याची सवय आहे, पण ते शुभाशुभासाठी. ओळखीसाठीही भोवऱ्यांइतकी भरवशाची खूण क्वचितच मिळते, कारण ते जन्मभर जागा बदलत नाहीत. कपाळावर, मानेच्या दोन्ही बाजूंना आणि छातीवर कुठे किती भोवरे आहेत, ते रेखाचित्रावर फुली मारून दाखवा.

छायाचित्रे दिवसाउजेडी, खोगीर उतरवून काढावीत: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून आणि चेहरा जवळून. सब्जा, म्हणजे करड्या रंगाचा घोडा असेल तर दरवर्षी नवी छायाचित्रे चिकटवा. सब्जा वयाबरोबर पांढरा होत जातो, त्यामुळे तिसऱ्या वर्षीचे चित्र आणि दहाव्या वर्षीचा घोडा समोरासमोर ठेवले तर अनोळखी माणसाला ते दोन वेगळे घोडे वाटतात.

शक्य असेल तर मायक्रोचिप बसवून घ्या. ती मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या किंचित खाली सुईने घालतात आणि तिचा क्रमांक १५ अंकी असतो. गाईम्हशींच्या कानातला १२ अंकी पिवळा बिल्ला आणि ही चिप या वेगळ्या गोष्टी आहेत. चिप वाचण्याचे यंत्र प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात असतेच असे नाही, म्हणून जाण्याआधी फोन करून विचारावे.

३. कोणता कागद कोणाकडे, हे घोडा हलण्याआधी ठरवा

घोड्याबरोबर, सांभाळणाऱ्याकडे राहणारे मूळ कागद:
– पासपोर्ट किंवा ओळख-वही
– लसीकरण, जंतनिर्मूलन आणि नालबंदीच्या नोंदी
– रक्ततपासणीचे अहवाल
– सध्याचा आरोग्याचा दाखला
– मालकाने सही केलेले ताबापत्र

मालकाकडे राहणारे मूळ कागद:
– खरेदीखत किंवा बाजाराची पावती
– नोंदणी संस्थेचे मालकीविषयक पत्र
– विम्याची पॉलिसी
– सांभाळणाऱ्याने सही केलेली कागदांची पोचपावती

करारनाम्याची एकेक प्रत दोघांकडे राहील. पासपोर्टाच्या प्रत्येक पानाची, कोऱ्या पानांसकट, झेरॉक्स आणि फोनमधील छायाचित्रे मालकाने स्वतःकडे ठेवावीत. कोरी पाने कशासाठी, असे कोणी विचारील. पुढे त्या पानावर एखादी नोंद दिसली, तर ती घोडा देण्याआधीची की नंतरची हे त्या प्रतीवरूनच सिद्ध होते.

यातील ताबापत्र सहसा विसरले जाते आणि त्याची किंमत मी मोजली आहे. घोडी परत पोहोचवायला मी रात्रीच्या वेळी घाट चढत होतो. पासपोर्ट तोवर माझ्याकडे आला होता. एका नाक्यावर टेम्पो थांबवला गेला. वर्णन जुळले, कपाळावरची चांदणी जुळली, आरोग्याचा दाखला होता. पण पासपोर्टावर नाव दुसऱ्याचे आणि घोडी माझ्या टेम्पोत. मालकांनी ती मला दिली आहे असे सांगणारी एक ओळसुद्धा माझ्याकडे नव्हती. विचारणाऱ्यांची शंका रास्त होती. मालकांनी सकाळी फोन उचलेपर्यंत घोडी टेम्पोत उभी राहिली, आणि मी रस्त्याकडेच्या हॉटेलातून बादल्यांनी पाणी आणत राहिलो. मालकाचे नाव व पत्ता, घोड्याचे थोडक्यात वर्णन, चिप क्रमांक, "हा घोडा अमुक व्यक्तीकडे अमुक तारखेपासून सांभाळण्यासाठी दिला आहे आणि त्यांना त्याची ने-आण करण्यास व उपचार करून घेण्यास माझी संमती आहे" एवढे वाक्य, सही, आणि दिवसरात्र लागतील असे दोन फोन क्रमांक, इतक्या मजकुराने ती रात्र टळली असती.

४. मालकाची भीती करारात उतरवा

कागद दिले तर घोडा विकला जाईल, ही भीती खोटी नाही. आमच्याच तालुक्यात एका गृहस्थांचा घोडा असा हातोहात बाजारात गेल्याचे मी पाहिले आहे. पण त्यांचे नुकसान कागद दिल्यामुळे झाले नाही. करार नव्हता, पोचपावती नव्हती, छायाचित्रे नव्हती आणि कागदांवरचे जुन्या मालकाचे नाव बदलून घेण्याचेही राहून गेले होते, त्यामुळे घोडा आपला आहे हे दाखवायला त्यांच्याकडे काहीच उरले नाही. पासपोर्ट कपाटात असता तरी पाच फुटांचा घोडा टेम्पोत चढवण्यापासून त्याने कोणाला अडवले नसते.

भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये वस्तू विशिष्ट कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देण्याच्या व्यवहारावर स्वतंत्र प्रकरण आहे, कलम १४८ पासून पुढे. त्यातील उदाहरणे वाचताना मला आश्चर्य वाटले, कारण त्यांतली कित्येक घोड्यांचीच आहेत. कलम १५० सांगते की, घोडा खोडकर आहे हे ठाऊक असून मालकाने ते लपवले आणि घोड्याने घेणाऱ्याला पाडले, तर जबाबदारी मालकाची. कलम १५४ सांगते की, घोडा फक्त तुमच्या स्वतःच्या बसण्यासाठी दिला असताना तुम्ही घरातल्या दुसऱ्या कोणाला बसू दिले आणि घोडा पडून जखमी झाला, तर बसणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली तरी भरपाई तुम्हाला द्यावी लागते. कलम १५९ नुसार, मोबदला न घेता दिलेली वस्तू ठरलेल्या मुदतीआधीही परत मागता येते, मात्र त्या अवेळी मागणीने घेणाऱ्याचे नुकसान त्याला झालेल्या लाभापेक्षा जास्त होत असेल तर तेवढा फरक भरून द्यावा लागतो.

या कलमांच्या प्रकाशात करारात पुढील गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. घोडा का दिला: केवळ सांभाळण्यासाठी, स्वतः बसण्यासाठी, की पर्यटकांना फिरवण्यासाठी. कोणकोण बसू शकते. घोड्याची ठाऊक असलेली खोड किंवा आजार. चारा, चंदी, नाल आणि औषधपाणी यांचा खर्च कोणाचा. अचानक मोठा उपचार लागला तर मालकाला न विचारता किती रकमेपर्यंत खर्च करता येईल. मुदत, आणि परत मागण्यासाठी किती दिवसांची सूचना. "घोडा विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा तिसऱ्याकडे देण्याचा अधिकार सांभाळणाऱ्यास नाही" हे वाक्य जसेच्या तसे लिहावे. आणि शेवटी कागदांचे स्वतंत्र कलम: पासपोर्टात एकूण पाने किती, भरलेली किती, तो सांभाळणाऱ्याच्या ताब्यात राहील, मालकाने मागताच तो पाहायला मिळेल आणि घोडा परत करताना त्याच्याबरोबरच परत होईल.

करार स्टॅम्प पेपरवर करून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेच्या जागी ५०० रुपयांचा स्टॅम्प घ्यावा लागतो. ओळखीच्या माणसाकडे स्टॅम्प पेपर काढायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. मी माझा घोडा दिला तेव्हा समोर माझे चुलत मेहुणे होते. मी त्यांना म्हणालो, "भावजी, उद्या मी नसलो तर माझ्या मुलाला आणि तुमच्या मुलाला हा घोडा कोणाचा हे कळायला हवे." त्यांनी लगेच सही केली.

करार असूनही कोणी घोडा परस्पर विकलाच, तर ते प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली, म्हणजे फौजदारीपात्र न्यासभंगात (विश्वासाने सोपवलेली वस्तू बळकावण्याच्या गुन्ह्यात) मोडू शकते. तक्रारीसोबत करार, पोचपावती आणि चिप क्रमांक असला की घोडा शोधणेही सोपे होते.

५. सोपवण्याच्या दिवशी घोडा आणि कागद जुळवून पाहा

मालक आणि सांभाळणारा दोघांनी उजेडात, शक्यतो पशुवैद्यकांसमोर, वही उघडून घोड्याभोवती एक फेरी मारावी. वाचणारा एक आणि बोट ठेवणारा दुसरा. "मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा" असे वाचले की पाय पाहावा, चिखल असल्यास धुऊन पाहावा. चिपचा क्रमांक यंत्रावर वाचून १५ अंक एकेक करून ताडावेत. एका तबेल्यातून एका रंगाचे दोन घोडे निघाले आणि पासपोर्ट उलटसुलट गेले, असे घडते. ते महिनोन्महिने लक्षात येत नाही.

तफावत आढळली तर पासपोर्टात स्वतःच्या हाताने दुरुस्ती करू नका. खाडाखोड केलेल्या पासपोर्टावर कोणी विश्वास ठेवत नाही. ज्या संस्थेने तो दिला तिला लिहावे आणि दुरुस्ती तिच्याकडूनच करून घ्यावी. तसेच सोयीसाठी म्हणून पासपोर्टावर सांभाळणाऱ्याचे नाव मालक म्हणून लावून घेण्याची सूचना कोणी केली, तर ती दोघांनीही नाकारावी.

६. दर नोंद घोड्याशी बांधलेली असावी

लस टोचली की त्याच दिवशी वहीत तारीख, लसीचे नाव, बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि डॉक्टरांची सही घ्या. धनुर्वात आणि रेबीज या दोन लसींची आठवण विशेष ठेवा. "नंतर लिहून देतो" हे वाक्य स्वीकारू नका.

रक्ततपासणीत अधिक जागरूक राहावे लागते. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि त्याची माहिती शासनाला कळवणे २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याने बंधनकारक आहे. या रोगाची राष्ट्रीय पातळीवरची प्रयोगशाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. घोडा बाधित निघाला तर तो वेदनारहित मारावा लागतो आणि भरपाईचा प्रश्न मालकाच्या नावावर येऊन थांबतो. म्हणून नमुना घेतानाच फॉर्मवर चिप क्रमांक, पूर्ण वर्णन, मालकाचे नाव आणि सांभाळणाऱ्याचे नाव अशा चारही गोष्टी लिहिल्या आहेत ना, ते पाहा. अहवालावर "तांबडी घोडी, वय सात" एवढेच असेल, तर तो निर्दोष अहवाल तुमच्याच घोडीचा आहे हे कोणी का मानावे?

नोंद झाली की पानाचे छायाचित्र त्याच संध्याकाळी मालकाला पाठवावे. हा शिरस्ता मी आणि भावजींनी पाळला, आणि मूळ पासपोर्ट माझ्याकडे नसल्याची रुखरुख तिसऱ्या महिन्यात संपली.

७. कोकणातल्या पावसात कागद टिकवा

घाटावरच्या मालकांना हे सांगावे लागते, कारण त्यांना याचा अनुभव नसतो. श्रावणापर्यंत आपल्याकडच्या कपाटातल्या कागदावर हिरवट बुरशी धरते, पाने एकमेकांना चिकटतात, शाईचे शिक्के पसरतात, आणि मातीच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या वहीला वाळवी आतून पोखरते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आमच्या पडवीची कौले उडाली आणि भिंतीतल्या फडताळात ठेवलेले सगळे कागद लगदा झाले. घोडीचा पासपोर्ट वाचला तो केवळ घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असल्यामुळे.

कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून अशा डब्यात ठेवावेत आणि ओल शोषणाऱ्या पुड्या आत टाकाव्यात. पासपोर्ट लॅमिनेट करू नये, कारण त्यावर पुढे नोंदी करायच्या असतात. डबा घरात ठेवावा, तबेल्यात नको. तबेल्यातल्या मुताच्या वाफेनेही कागद खराब होतो. तबेल्याच्या खांबाला मात्र एक झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून टांगावी आणि त्यावर डबा घरात कुठे आहे हे लिहावे, म्हणजे तुम्ही बाहेरगावी असताना मोतद्दाराची (घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराची) धावपळ होणार नाही.

८. प्रवासात कागद टेम्पोच्या पुढच्या भागात

प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे घोडा प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला बरोबर लागतो. त्यासोबत पासपोर्ट, ताबापत्र आणि कराराची झेरॉक्स एकाच पाकिटात घालून ते चालकाजवळ ठेवावे. दिघी-आगरदांडा किंवा वेश्वी-बागमांडला अशी खाडी फेरीबोटीने ओलांडायची असेल, तर कागद शोधायला टेम्पोचे मागचे फाळके उघडण्याची वेळ येऊ देऊ नका. बोट हलत असताना आणि इंजिनाचा आवाज चालू असताना फाळके उघडले, की शांत घोडाही बिथरतो.

दुसऱ्या राज्यात न्यायचे असल्यास तिथे त्या वेळी रोगनियंत्रणासाठी काही निर्बंध आहेत का, हे निघण्याआधी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात विचारावे.

९. घोडी गाभण असेल किंवा राहिली, तर

करार कायद्याचे कलम १६३ म्हणते की, वेगळे ठरले नसेल तर सोपवलेल्या वस्तूपासून झालेली वाढ मूळ मालकाची. तिथे उदाहरण गाय आणि वासराचे आहे. घोडी आणि शिंगराला तेच लागू पडते. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते, म्हणजे एका पावसाळ्यासाठी दिलेली घोडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहिली तर शिंगरू सांभाळणाऱ्याच्या गोठ्यात जन्मते, त्याला तो जीव लावतो आणि मग वाद होतो. घोडी गाभण राहण्यासाठी दाखवायची की नाही, कोणत्या घोड्याला, शिंगरू कोणाचे आणि त्याचे कागद कोणाच्या नावाने करायचे, हे आधी लिहून ठेवा. शिंगराचे वर्णन ते आईचे दूध पीत असतानाच करून घ्यावे.

१०. घोडा परत करताना, किंवा तो गेला तर

परतीच्या दिवशी पाचव्या पायरीतली फेरी पुन्हा मारावी. पासपोर्टाची पाने मोजावीत, मधल्या काळातल्या नोंदी दोघांनी मिळून वाचाव्यात, मालकाने जुनी पोचपावती परत द्यावी आणि ताबापत्रावर "घोडा व मूळ कागद परत मिळाले" असे तारीख घालून लिहावे. खर्चाचा हिशेब राहिला म्हणून पासपोर्ट अडवून ठेवू नका. पैशाचा वाद लेखी मागणीने सोडवता येतो. घोडा मात्र त्या दिवसापासून पुढे ज्या गोठ्यात उभा राहणार, तिथल्या डॉक्टरांना त्याच्या लसीची तारीख लागणारच आहे.

घोडा सांभाळणाऱ्याकडे असताना दगावला, तर घाईने पुरू नका. आधी मालकाला आणि विमा असल्यास विमा कंपनीला कळवा, पशुवैद्यकांकडून शवविच्छेदन करून घ्या आणि अहवालावर चिप क्रमांक लिहून घ्या. नंतर पासपोर्ट मालकाच्या हाती द्या आणि मालकाने तो ज्या संस्थेने दिला तिच्याकडे रद्द करण्यासाठी पाठवावा. मेलेल्या घोड्याचा पासपोर्ट घरात आठवण म्हणून ठेवावासा वाटतो, मलाही वाटला होता. पण तसा मोकळा राहिलेला कागद उद्या त्याच रंगाच्या दुसऱ्या घोड्याच्या नावाने बाजारात फिरू शकतो. मी पासपोर्ट पाठवून दिला आणि आयाळीची एक बट कापून ठेवली.